पाव वेग, दशांश किंमत : मिनी-महासंगणकांचा उदय आणि अस्त

मिनी-महासंगणक म्हणजे महासंगणकाची धाकटी आणि स्वस्त जात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ती जन्माला आली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नामशेष झाली. या अल्प आयुष्यात डझनभराहून अधिक कंपन्यांनी तिच्यावर नशीब आजमावले. त्यांचा साधारण हिशेब असा असे : क्रे महासंगणकाचा पाव वेग, पण किंमत त्याच्या एक दशांश.

हा हिशेब जमला, कारण त्या काळात संगणकांच्या बाजारात मधला गाळा रिकामा होता. वरच्या टोकाला सीमोर क्रे यांचा क्रे-१ होता. १९७६ साली त्यातला पहिला लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत बसला. वजन सुमारे साडेपाच टन, किंमत ५० ते ८० लाख डॉलर, आणि आतली उष्णता वाहून नेण्यासाठी फ्रिऑन वायूची शीतयंत्रणा. हे यंत्र सेकंदाला कमाल १६ कोटी गणिती क्रिया करू शके. खालच्या टोकाला १९७७ साली आलेला डीईसी कंपनीचा व्हॅक्स-११/७८० होता. विद्यापीठातल्या एखाद्या विभागाला तो परवडत असे, पण दशांश अपूर्णांकांची मोठी गणिते तो फार सावकाश सोडवी.

या दोन टोकांच्या मध्ये अडकलेले ग्राहक पुष्कळ होते. मोटारीच्या सांगाड्यावरील ताण मोजणारे अभियंते, भूकंपलहरींच्या नोंदींवरून तेलाचे साठे शोधणाऱ्या कंपन्या, औषधाच्या रेणूची रचना तपासणारे रसायनशास्त्रज्ञ, अशा सर्वांची गणिते व्हॅक्सवर कित्येक रात्री चालत. क्रेवर ती करायची तर दूरच्या केंद्राकडे काम पाठवून रांगेत थांबावे लागे. ओरेगॉनमधील फ्लोटिंग पॉइंट सिस्टिम्स या कंपनीने व्हॅक्ससारख्या संगणकाला जोडायचे गणिती यंत्र विकून काही काळ ही गरज भागवली. पण अशा जोडयंत्राकडे आकडे पाठवण्यात आणि उत्तरे परत आणण्यात वेळ जाई. शिवाय जुने प्रोग्रॅम त्याच्यासाठी मुद्दाम बदलून घ्यावे लागत.

पंगतीचे गणित

क्रेच्या वेगाचे मर्म ‘व्हेक्टर’ पद्धतीत होते. पंगतीत कसे वाढतात ते डोळ्यांसमोर आणले, की ही पद्धत लगेच कळते. एकच वाढपी प्रत्येक पानापाशी थांबून मीठ, चटणी, भाजी, भात, वरण आणि तूप असे सगळे वाढून मगच पुढे सरकला, तर शंभर पानांची पंगत ताटकळत बसेल. म्हणून मीठवाला पुढे निघतो, त्याच्या पाठोपाठ चटणीवाला, मग भाजीवाला. पहिल्या पानावर तूप पडायला थोडा वेळ लागतो, पण त्यानंतर एकामागून एक पाने भराभर पूर्ण होत जातात. दोन अपूर्णांकांच्या बेरजेचेही असेच टप्पे असतात : घातांक ताडून पाहणे, अंक सरकवून जुळवणे, बेरीज करणे, उत्तर ठरावीक रूपात मांडणे. क्रे-१ एका आज्ञेत ६४ संख्यांची पंगत बसवून त्यांना या टप्प्यांतून पुढे नेई.

यात अडचण एकच. दुसऱ्या पानावर काय वाढायचे हे पहिल्या पानावरचा पाहुणा जेवून उठल्यावरच ठरणार असेल, तर वाढप्यांची सगळी रांग खोळंबते. म्हणून प्रोग्रॅममधील कोणत्या लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा करायच्या त्याच त्या आज्ञांची, पंगत बसवता येईल आणि कोणत्या नाही, हे आधी ओळखावे लागते. ते काम कंपायलरचे, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे. फोरट्रान भाषेतला जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा घेऊन त्यातली व्हेक्टर कामे आपोआप हुडकणारा कंपायलर हेच मिनी-महासंगणकांचे खरे भांडवल ठरले.

तीन कंपन्या, तीन वाटा

बॉब पॅलक आणि स्टीव्ह वॉलाक यांनी १९८२ साली कॉन्व्हेक्स कंपनी सुरू केली. तिचे ठाणे टेक्ससमधील रिचर्डसन येथे होते. तिचा सी-१ हा संगणक १९८५च्या सुमारास बाजारात आला. किंमत साधारण पाच लाख डॉलर. क्रेच्या सर्किटांत वापरलेले तंत्र अतिशय वेगवान होते, पण वीजही तितकीच खाई. कॉन्व्हेक्सने त्याऐवजी सीमॉस प्रकारच्या चिप घेतल्या. वेग थोडा कमी झाला, पण यंत्र साध्या हवेवर थंड राहू लागले आणि नेहमीच्या संगणक-खोलीत मावू लागले. सोबत युनिक्स आणि उत्तम फोरट्रान कंपायलर मिळत असल्याने व्हॅक्सला सरावलेल्या माणसाला फारसे नवे शिकावे लागत नसे.

मॅसॅच्युसेट्समधील अलायंट कंपनीही १९८२ सालचीच. तिच्या एफएक्स/८ या यंत्रात गणित करणारे आठपर्यंत प्रोसेसर असत. एकाच लूपचे काम या प्रोसेसरांत वाटून देण्याचे काम तिचा कंपायलर करी.

तिसरी वाट सर्वांत धाडसी होती. येल विद्यापीठातून बाहेर पडलेले जॉश फिशर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली मल्टिफ्लो कंपनी काढली. तिच्या ‘ट्रेस’ संगणकाची एकेक आज्ञा २५६ बिटांची असे आणि तीत सात कामे शेजारी शेजारी लिहिलेली असत. सर्वांत मोठ्या नमुन्यात आज्ञा १०२४ बिटांची आणि कामे २८. कोणती कामे एकाच वेळी करता येतील हे यंत्र चालताना ठरत नसे. कंपायलर ते आधीच ठरवून ठेवी. प्रोग्रॅम बहुधा कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधून तो त्या वाटेवरच्या आज्ञा दाटीवाटीने बसवी.

खालून आलेली लाट

बाजारातला हा मधला गाळा वरून कोणी बळकावला नाही. तो खालून भरत आला. मिनी-महासंगणकाचा प्रोसेसर अनेक चिप आणि सर्किट-बोर्ड जोडून बनत असे. त्याचा नवा नमुना तयार व्हायला तीन-चार वर्षे लागत आणि खर्च मोजक्या शेकडो गिऱ्हाइकांकडून वसूल करावा लागे. मायक्रोप्रोसेसर मात्र अख्खा एका चिपवर मावणारा आणि लाखोंनी खपणारा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रिस्क (साध्या, मोजक्या आज्ञांच्या) पद्धतीच्या मायक्रोप्रोसेसरांचा वेग झपाट्याने वाढू लागला. १९९० साली आलेल्या आयबीएमच्या आरएस/६००० वर्कस्टेशनांनी आणि १९९२ साली आलेल्या डीईसीच्या अल्फा चिपने टेबलाजवळ बसणाऱ्या यंत्राला मिनी-महासंगणकाच्या तोडीचा वेग दिला, तोही किमतीच्या लहानशा अंशात. लिव्हरमोर प्रयोगशाळेतील यूजीन ब्रूक्स यांनी १९८९ सालीच अशा चिपना ‘किलर मायक्रो’ असे नाव दिले होते. त्याच सुमारास शीतयुद्ध संपले आणि संरक्षणखात्याकडून होणारी खरेदीही आटली.

कंपन्या एकामागून एक मिटल्या. मल्टिफ्लो १९९० साली बंद पडली. अलायंटने स्वतःचे प्रोसेसर सोडून इंटेलची आय८६० चिप वापरून पाहिली, पण १९९२ साली तीही दिवाळखोरीत गेली. कॉन्व्हेक्स सर्वांत जास्त टिकली. १९९४ साली तिने एचपीच्या चिपवर ‘एक्झेम्प्लार’ यंत्र काढले आणि १९९५ साली एचपीनेच ती विकत घेतली. १९९४ सालीच नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ संच उभा केला. स्वस्तात वेग हवा असेल तर आता खास यंत्र बनवण्याचीही गरज उरली नव्हती.

भारतातही वारे अखेर याच दिशेने वाहिले. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिने स्वस्त महासंगणकाचा वेगळा मार्ग धरला होता. १९९१ सालचा ‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर नावाच्या लहान प्रोसेसरांचा समूह होता. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडले, तेव्हा ‘परम’ची यंत्रेही बाजारात मिळणाऱ्या चिपकडे वळली. १९९८ सालचा ‘परम १००००’ सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा होता.

मागे उरलेले

मिनी-महासंगणकांचे तंत्र मात्र हातोहाती पुढे गेले. फ्लोटिंग पॉइंट सिस्टिम्सची मालमत्ता १९९१ साली क्रे कंपनीकडे आणि तिथून १९९६ साली सनकडे गेली. तिच्यातूनच सनचा गाजलेला एंटरप्राइज १०००० हा सर्व्हर निघाला. मल्टिफ्लोचा कंपायलर इंटेल आणि एचपीसह अनेकांनी परवान्यावर घेतला. फिशर एचपीच्या प्रयोगशाळेत गेले, आणि लांब आज्ञांचे ते तंत्र पुढे इटानियम प्रोसेसरच्या रचनेत आणि ध्वनी व चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या कित्येक चिपमध्ये उतरले. व्हेक्टर आज्ञा तर आता जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये असतात. आजच्या लॅपटॉपवर चालणारा कंपायलरही एखादे लूप समोर आले, की तोच जुना प्रश्न आधी तपासतो : ही पाने एकमेकांवर अवलंबून आहेत, की पंगत बसवता येईल?