ट्रॅक्टर विकला, पण बुकावर नाव कोणाचे?



कपाशीचे आणि तुरीचे पैसे हाती आले, की फाल्गुन-चैत्रात आपल्या वऱ्हाडात जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. कोणाला नवा घ्यायचा असतो म्हणून जुना काढायचा असतो, कोणी बैलजोडी विकून पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेतो. सौदा चहाच्या टपरीवर ठरतो, इसार दिला जातो, स्टॅम्पवर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या होतात. चावी हाती पडते आणि ट्रॅक्टर दुसऱ्या गावी जातो. दोघेही म्हणतात, "झाला व्यवहार." पण व्यवहार अर्धाच झालेला असतो.

वावर घेतले म्हणजे आपण काय करतो? खरेदीखत झाले तरी फेरफारासाठी चकरा मारतो, सातबारावर नाव चढेपर्यंत जिवाला चैन पडत नाही. ट्रॅक्टरचा सातबारा म्हणजे त्याचे आर. सी. बुक. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावाने वाहन नोंदलेले आहे तो त्याचा मालक. स्टॅम्प पूर्वीचा शंभराचा असो की २०२४ पासूनचा पाचशेचा, त्याने ही नोंद बदलत नाही. स्टॅम्पचा कागद तुमच्या दोघांतला पुरावा आहे. परिवहन कार्यालयाच्या लेखी ट्रॅक्टर जुन्याच मालकाचा राहतो.

याचा चटका बहुधा विकणाऱ्याला बसतो. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ मधला एक निकाल सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका माणसाने २००७ साली आपली मोटारगाडी विकली. ती पुढे हातोहात विकली गेली. २००९ साली तिचा अपघात झाला, तेव्हा बुकावर नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने सांगितले, की नोंद ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. गाडी विकून पैसे खर्चून झाले, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच्या अपघाताचे देणे अंगावर आले! ट्रॅक्टरला कायदा हाच आहे. रात्रीची बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर उभी राहिली आणि मागून मोटारसायकल धडकली, तर नोटीस बुकावरच्या पत्त्यावर येते.

आता काय करावे ते पाहू. मालकी बदलाचे दोन मुख्य नमुने आहेत. नमुना २९ ही विकणाऱ्याने कार्यालयाला दिलेली खबर. ती दोन प्रतींत असते. नमुना ३० हा मालकी बदलाचा अर्ज. आपल्याकडे या दोन्हींना मिळून 'टी. टी. फॉर्म' म्हणतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत खबर द्यायची आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. सोबत आर. सी. बुक, चालू विमा, दोघांची ओळखपत्रे व घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरला जातो. मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून नोंदीतला नंबर बंद पडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या. ट्रॅक्टर १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेला असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घ्या; तिच्यावाचून काम अडते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. कोऱ्या टी. टी. फॉर्मवर सह्या करून दलालाच्या हाती देऊ नका. "भाऊ, गिऱ्हाईक भेटलं का नाव टाकून घेतो," असे तो म्हणेल. तो ट्रॅक्टर मग तीन गावे फिरतो आणि नाव तुमचेच राहते. घेणाऱ्याचे पूर्ण नाव व तारीख घातल्याशिवाय सही नको. फॉर्मची झेरॉक्स जवळ ठेवा. ट्रॅक्टर हवाली करताना ताबापावती लिहा, आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही घाला. दुपारी दिलेल्या ट्रॅक्टरचा संध्याकाळी अपघात झाला, तर तो कोणाच्या ताब्यात होता हे त्या ओळीवरून दाखवता येते.

घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी बुक नीट वाचावे. बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव त्यावर असेल तर तो बोजा आहे. कर्ज फिटले असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ मागा. कर्ज बाकी असताना "राहिलेले हप्ते तू भर, मग नाव करून देतो," हा तोंडी करार मला तरी अजिबात पटत नाही. हप्ता चुकला तर बँक ट्रॅक्टर ओढून नेते, आणि घेणाऱ्याने भरलेले पैसे मागायला जागा राहत नाही. ट्रॅक्टरसाठी वावर तारण असेल तर कर्जफेडीनंतर सातबारावरचा बोजाही उतरवावा लागतो. पुष्कळजण नेमके हेच विसरतात. ट्रॅक्टर अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत तो विकता येत नाही. हमीपत्र काढून पाहा किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

चेसिस आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून पाहा. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. नंबर खोडलेला, कानशीने घासलेला दिसला तर सौदा सोडून द्या, किंमत कितीही कमी असो. वडील वारले आणि ट्रॅक्टर त्यांच्याच नावावर असेल तर आधी नमुना ३१ भरून तो वारसाच्या नावे करावा लागतो. एका भावाने परस्पर विकला तर पुढे भांडण ठेवलेलेच.

ट्रॉलीची नोंद वेगळी असते, नंबरही वेगळा. "ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून इतके" असा सौदा झाला तरी कागद दोन्हींचे हवेत. गावच्या वर्कशॉपात बनवलेल्या कितीतरी ट्रॉल्या बिननोंदीच्याच फिरतात. विमाही घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. शेतीकामासाठी उतरवलेला विमा ट्रॉलीत बसलेल्या निंदणाच्या बायांसाठी नसतो, हेही सांगून ठेवतो.

परतवाडा-धारणीकडचे ट्रॅक्टर मध्य प्रदेशात जातात. तेव्हा आपल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो आणि मुदत ४५ दिवसांची असते. गावात कोणी जुनी मिनीबस घेत असेल तर नमुने हेच, पण परमिट आणि फिटनेस सर्टिफिकेट यांची भर पडते. परमिट बसबरोबर आपोआप मिळत नाही, त्याला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने २०१७ पासून बंद आहे.

अर्ज दिल्यावर विकणाऱ्याने पोच जपून ठेवावी आणि महिन्याभराने एम-परिवहन ॲपमध्ये ट्रॅक्टरचा नंबर घालून नोंद पाहावी. नाव बदललेले दिसले नाही तर घेणाऱ्याला गाठून, ती पोच घेऊन अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या, ज्या कार्यालयात अर्ज असेल तिथे जावे. मृग लागला की दोघांनाही सवड राहत नाही, म्हणून पेरणीआधीच उरकून घ्या.