पावसाळ्यात दार का अडते?

मृगाचे चार-सहा पाऊस पडून गेले, की घरोघरी एक तक्रार सुरू होते : दार लागत नाही! उन्हाळ्यात एका बोटाने हलणाऱ्या दाराला आता खांदा लावावा लागतो. सुतार येतो, रंधा मारून कड उतरवतो आणि काम भागते. पण उन्हाळा आला, की तिथेच फट दिसू लागते. आमच्या घरी असे दोनदा केले. आता त्या फटीतून पाल सुखाने ये-जा करते.

दोष सुताराचा नाही, लाकडाचा स्वभावच तसा आहे. लाकूड म्हणजे असंख्य लांबट, पोकळ पेशी. त्यांच्या भिंतींतील सेल्युलोजचे तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. दमट हवेतील पाण्याचे रेणू या तंतूंमध्ये शिरून त्यांना बाजूला सारतात. खराट्यात आणखी हीर खोचले, तर खराटा जाड होतो, लांब होत नाही, तसेच हे. हिरवे सागवान पूर्ण सुकवले तर वार्षिक वलयांच्या दिशेने ते ५ ते ६ टक्के आटते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या सुमारे निम्मे आणि लांबीत मात्र नगण्य!

आता हिशेब करू. उभ्या फळ्या शेजारीशेजारी जोडून ९० सेंमी. रुंदीचे दार केले आहे. पावसाळ्यात लाकडातील ओलावा ६ टक्क्यांनी वाढला (म्हणजे ८ चा १४ झाला), तर दार सुमारे १ सेंमी. रुंद होऊ शकते. एवढी मोकळी जागा चौकटीत कोण ठेवील?

यावर सुतारांची युक्ती पाहा. ते दोन उभ्या पट्ट्या घेतात. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना कुसू काढतात, म्हणजे टोक दोन्ही बाजूंनी तासून जिभेसारखे करतात, आणि ते उभ्या पट्टीतील भोकात घट्ट ठोकतात. दाराची रुंदी आता कशावर अवलंबून? आडव्या पट्टीच्या लांबीवर, जी बदलत नाही, आणि दोन उभ्या पट्ट्यांच्या रुंदीवर. त्या १०-१० सेंमी. असल्या, तर फुगणारे लाकूड फक्त २० सेंमी.; वाढ सुमारे २ मिमी.!

मधली फळी, म्हणजे पॅनेल, पट्ट्यांच्या खाचेत नुसती सरकवलेली असते. तिला ना सरस, ना खिळा. ‘पक्के काम’ म्हणून कोणी ती सरसाने चिकटवली, तर आटायला वाव न मिळाल्याने ती कोरड्या दिवसांत तडकते.

तेव्हा यंदा दार अडले, तर घासते तिथे पेन्सिलीने खूण करा, थोडे मेण चोळा आणि रंधा दिवाळीनंतरपर्यंत थांबवा. पावसाळा संपतासंपता रंगवलेले एखादे जुने पॅनेलचे दार मिळाले, तर एप्रिलमध्ये ते निरखा. पॅनेलच्या उभ्या कडेला बिनरंगाची बारीक रेघ दिसेल : खाचेत लपलेली फळीची कड आटून बाहेर आलेली असते.