दुबईत बसून लातूरचं दुकान बघताय? व्हीपीएन घरचाच बरा

तुम्ही दुबईत, दुकान लातूरला भावाच्या हाती. तिकडून आपल्या काही सरकारी साइट उघडत नाहीत, म्हणून तुम्ही पैसे भरून व्हीपीएन घेता आणि 'इंडिया' निवडता.

आता गंमत बघा. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनचा आदेश आला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएननी इथले सर्व्हरच काढले. एक्सप्रेसच्या 'इंडिया'ची मशीन मग सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये!

त्यापेक्षा लातूरच्या घरच्या राउटरवर वायरगार्ड बसवा. फुकट आहे, पण राउटरला ती सोय हवी. आधी भावाला राउटरच्या सेटिंगमधला वॅन आयपी बघायला सांगा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तो पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे; बाहेरून तुम्हाला आत येता येणार नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, वेगळे पैसे पडतात. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, लाईट गेली की सगळं ठप्प!

एक सांभाळा. अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात व्हीपीएनआडून गुन्हा केल्यास कैद, किंवा ५ ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. तिथे बंद असलेल्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलसाठी तो वापरू नका.