डागी आंबा

हापूस आंब्याचे कौतुक आपण रंग, वास आणि चव या तीन गोष्टींवरून करतो. बाजार मात्र आधी त्याची साल पाहतो. आमची रत्नागिरीकडे दहा-बारा कलमे आहेत. आंबा गेल्यावर दलालाकडून हिशेबाची पट्टी येते. तीत एखाद्या पेटीपुढे 'डागी' एवढाच शेरा असला की त्या पेटीचा भाव निम्म्यावर आला असे समजावे. गेल्या हंगामात अशी एक पट्टी मी वडिलांना वाचून दाखवली. "पेटी भरली तेव्हा एकही फळ डागी नव्हते रे," ते म्हणाले. दलालाने खोटे लिहिले असावे, असे मला तेव्हा वाटले. पुढे या विषयावर थोडे वाचले तेव्हा ध्यानात आले की दोघेही खरे बोलत असतील. डाग पडतो एके ठिकाणी आणि दिसतो दुसऱ्या ठिकाणी.

सर्वांत परिचित डाग चिकाचा. आंबा देठाच्या मुळाशी तुटला की आत दाबाखाली असलेला चीक पहिल्या काही क्षणांतच उडतो. हा चीक तेलकट आणि आम्लधर्मी असतो. सालीवर जी बारीक छिद्रे असतात त्यांतून तो आत शिरतो व तेथल्या पेशी मरतात. कापलेले वांगे हवेत काळे पडते, तशीच ही जागा हळूहळू काळी पडते. त्या वेळी फळ पुसून ठेवले तरी झालेली इजा भरून येत नाही. म्हणून आंबा काढताना एक-दोन सेंटिमीटर देठ राखावा असे सांगतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' याच कामासाठी आहे. त्याचे पाते देठ कापते आणि फळ अलगद जाळीत उतरते. काठीने पाडलेल्या आंब्याची गोष्टच सोडा.

दुसरा डाग करप्याचा. हा मला सर्वांत विलक्षण वाटला. करप्याची बुरशी पावसाळी, दमट हवेत लहान हिरव्या फळावर बसते, सालीत किंचित शिरते आणि तिथेच निपचित पडून राहते. हिरव्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. फळ पिकू लागले की ती ओसरतात आणि बुरशी जागी होते. मग काळे, खोलगट ठिपके उमटतात व एकमेकांत मिसळतात. बागेत झालेली लागण अशी ग्राहकाच्या घरी, अढीतून काढलेल्या पिवळ्याधमक फळावर प्रकट होते. काढल्याबरोबर सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे फळे बुडवली तर हा रोग पुष्कळ आटोक्यात राहतो. पाणी फार तापले तर मात्र सालच होरपळते, आणि एका डागाऐवजी दुसरा पदरात पडतो!

तिसरा डाग थंडीचा. शीतगृह म्हणजे फळांचे रक्षण, अशी आपली समजूत असते. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन्‌महिने टिकते. पण आंबा उष्ण प्रदेशातला. हिरवा हापूस साधारण १२-१३ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिला तर त्याच्या पेशींची स्निग्ध आवरणे बिघडतात. थंडीत असेपर्यंत फळ ठीक दिसते. बाहेर उबेला आले की साल करडी पडते, तिच्यावर खळगे उठतात, रंग नीट चढत नाही आणि चवही फिकी राहते. कोवळ्या फळाला हा त्रास अधिक होतो. आमच्याकडे 'चौदा आणे तयार' आंबा काढावा म्हणतात, त्यात शहाणपण आहे. कोवळा काढला तर सालीला सुरकुत्या पडतात त्या वेगळ्याच.

उलट, साल नितळ असूनही फळ बाद निघते. साका आतल्या गरात असतो, बाहेरून कळत नाही. मुंबई इलाख्यातून १९३२ व १९३३ साली युरोपात आंबे पाठवले गेले. त्यावरील चीमा आणि दाणी यांच्या १९३४ सालच्या अहवालात साक्याची नोंद आहे. म्हणजे सालीवर विसंबणारा बाजार त्याही बाजूने फसतोच.

चीक लागला तर चूक काढणाऱ्याची, करपा असेल तर बागेच्या निगेची किंवा हवामानाची, खळगे पडले असतील तर साठवणाऱ्याची. पट्टीवर मात्र तिघांनाही एकच शब्द, आणि नुकसान बागवाल्याचे. यंदा मी दलालाला कळवले की नुसते 'डागी' लिहू नका, डाग कसा आहे ते सांगा. चार दिवसांनी फोनवर एक छायाचित्र आले. देठापासून खाली ओघळलेली काळी रेघ त्यात स्पष्ट होती. चूक आमचीच होती. वडिलांनी ते चित्र दोनदा पाहिले आणि पडवीतला झेला काढून त्याच्या पात्याला धार लावायला बसले.