डोक्यावरची तार

‘ओव्हरहेड वायर तुटल्यामुळे गाड्या उशिराने धावत आहेत.’ मुंबईकरांना ही घोषणा आता पाठ झाली आहे. पण ही वायर असते तरी कशी, असे मला पुष्कळजण विचारतात.

खरे म्हणजे तारा दोन असतात. वरची तार भार पेलते आणि किंचित झोळ घेते. तिला टांगलेली खालची तांब्याची तार, साधारण बोटाएवढी जाड, रुळांना समांतर राहते. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ तिला खालून घासत जातो. ही तार एका खांबापाशी थोडी डावीकडे, पुढच्या खांबापाशी उजवीकडे ओढलेली असते. अगदी सरळ असती, तर तिने पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टी करवतीसारखी एकाच जागी कापली असती. उन्हात तांबे लांबते, म्हणून काही खांबांवर कप्पीवरून जड वजने सोडून तार ताणलेली ठेवतात. आडावरच्या कप्पीचीच ही नातलग म्हणा ना!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे मुंबईतल्या मार्गांवर २५,००० व्होल्ट एसी आले. हार्बर मार्गावरचा बदल २०१६ मध्ये झाला. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीला सोळा-सतरा पटींनी कमी प्रवाह पुरतो. तार बारीक चालते, उपकेंद्रेही कमी लागतात.

मात्र १५०० व्होल्टही जीवघेणेच होते. २५,००० व्होल्टना तर स्पर्शाचीही गरज नाही. माणूस पुरेसा जवळ गेला की ठिणगी हवेतूनच झेप घेते. यार्डात उभ्या मालडब्यावर फोटोसाठी चढणारी पोरे हेच विसरतात. तारेवरच्या कबुतराला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. डब्यावर उभा राहिलेला मुलगा मात्र डब्यामार्फत रुळांना, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो.

तार तुटली की दुरुस्तीला इतका वेळ का, हाही नेहमीचा प्रश्न. नुसती वीज बंद करून भागत नाही. शेजारच्या मार्गावरच्या चालू तारेमुळे बंद तारेतही दाब उतरतो. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार आधी जमिनीशी जोडावी लागते. त्यानंतरच माणसे वर चढतात.