पंजे आणि लाकडी जमीन

दाराची बेल वाजते. कोपऱ्यात पसरलेला लॅब्राडोर ताडकन उठतो आणि भुंकत दाराकडे धावतो. वळणावर त्याचे मागचे पाय सटकतात, आणि तोल सावरायला तो बोटं आवळून नखं जमिनीत रोवतो. सगळा प्रकार दोन सेकंदांचा. संध्याकाळचं तिरपं ऊन आत आलं की त्याच जागी पांढुरक्या रेघांचा झुबका दिसतो.

अशा रेघा पाहून काही घरांत कुत्र्याला गॅलरीत बांधतात, काही घरांत लाकडाची आशा सोडून देतात. दोन्हींची गरज नाही. कुत्रा घसरतो म्हणून ओरखडे पडतात. त्याच्या पायांना आधार मिळाला की लाकूड वाचतं आणि त्याचे सांधेही वाचतात.

आधी आपली जमीन ओळखा

आपण सरसकट ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतो, पण त्यात तीन प्रकार येतात. पहिला अस्सल लाकडाचा. यात साधारण 18-19 मिलिमीटर जाडीची अखंड फळी असते आणि ती अनेकदा घासून नवी करता येते. दुसरा इंजिनिअर्ड वुडचा. यात खाली प्लायवूड आणि वर खऱ्या लाकडाचा काही मिलिमीटरचा थर असतो. हा थर जाड असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी घासता येतो. तिसरा लॅमिनेटचा. दाबून घट्ट केलेल्या लाकडाच्या भुशावर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक कठीण थर. हे कधीच घासता येत नाही.

ओळखायचं कसं? उंबऱ्याजवळची पट्टी काढली की फळीची कड दिसते. तेवढंही नको असेल तर रेषा आणि गाठी निरखून पाहा. तीच गाठ चार-पाच फळ्यांवर हुबेहूब दिसली तर ते लॅमिनेट आहे.

लाकूड कठीण असलं की झालं?

लाकडाचा कठीणपणा मोजायची पद्धत गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने 1906 साली आणली. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, हे त्यात पाहतात. त्या मापावर हिकरी सुमारे 1820 पौंडांवर आहे, मेपल 1450, रेड ओक 1290, आपला साग 1070 च्या आसपास आणि अक्रोड 1010. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरात बहुधा ओक असतो, तो या यादीत मध्यावर येतो.

पण हा आकडा मुख्यतः खड्ड्यांबद्दल सांगतो. जड भांडं पडलं किंवा पलंगाचा पाय रुतला, तर तो कामाचा. कुत्र्याचे बहुतेक ओरखडे लाकडापर्यंत पोचत नाहीत, वरच्या पॉलिशच्या थरातच राहतात. म्हणून लाकडाच्या जातीइतकंच पॉलिश महत्त्वाचं. चकचकीत पॉलिशवर बारीकशी रेघही आरशातल्यासारखी दिसते, मॅट किंवा सॅटिनवर ती लपते. कुत्रा असलेल्या घरात नवं पॉलिश करणार असाल तर मॅटच सांगा.

ओरखड्यांचा नकाशा

खर्च करण्याआधी उजेड तिरपा असताना घरभर फिरून पाहा. ओरखडे सगळीकडे सारखे नसतात. ते दाराशी, खिडकीखाली, जेवणाच्या भांड्याजवळ, सोफ्यासमोरच्या उडीच्या जागी आणि पॅसेजच्या वळणावर दाटलेले असतात. पाच-सहा जागा सांभाळल्या की बरंचसं काम होतं.

नखं: दर तीन-चार आठवड्यांनी

कुत्रा सपाट जमिनीवर सरळ उभा असताना नखं जमिनीला टेकता कामा नयेत. चालताना टकटक ऐकू यायला लागली की कापायची वेळ झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप पुरेशी झिजत नाहीत. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख तर जमिनीला लागतच नाही. ते वाढत वाढत वळून मांसात रुतू शकतं.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. फिक्या नखात तो गुलाबी दिसतो, त्याच्या दोन मिलिमीटर आधी थांबायचं. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून पातळ पातळ चकत्या काढायच्या. कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की पुढे जायचं नाही. चुकून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. नेमाने थोडंथोडं कापत राहिलं की जिवंत भाग हळूहळू मागे सरकतो आणि नखं आखूड ठेवणं सोपं होतं.

पुष्कळजण विसरतात ती गोष्ट म्हणजे कानस. नुकत्याच कापलेल्या नखाला धारदार कड असते आणि ती न कापलेल्या नखापेक्षा जास्त ओरबाडते. प्रत्येक टोक कानशीने गोल करा. गोल्डन रिट्रिव्हर किंवा शित्झूसारख्या केसाळ कुत्र्यांचे तळव्यांच्या गाद्यांमधले केसही गाद्यांच्या पातळीपर्यंत कापा. त्या केसांमुळेच पाय मोजे घातल्यासारखा सटकतो.

वाळू नखांहून वाईट

खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर नख अडीचच्या आसपास बसतं, काच साडेपाचवर आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. म्हणजे फिरून आलेल्या कुत्र्याच्या पंजात अडकलेला वाळूचा कण नखापेक्षा कितीतरी कठीण असतो. तो पायाखाली फिरला की पॉलिश पेपरचं काम करतो.

दाराबाहेर खरखरीत पायपुसणं आणि दाराच्या आत पाणी शोषणारं, अशी जोडी ठेवा. आतलं इतकं लांब असावं की कुत्र्याची दोन-तीन पावलं त्यावर पडतील. पावसाळ्यात दाराशी जुना टॉवेल टांगून ठेवा आणि ‘पाय’ म्हटलं की एकेक पंजा द्यायला शिकवा. अमेरिकेतल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते लाकडाला आणि तळव्यांना दोघांनाही सोसत नाही, म्हणून तिथे नुसतं पुसण्याऐवजी पंजे कोमट पाण्याने धुवा. घरात झाडू किंवा मऊ ब्रशचा व्हॅक्यूम रोज फिरवा.

सतरंजी कुठे, कोणती

नकाशातल्या जागांवर सतरंज्या किंवा लांब पट्टे अंथरा, पण ते स्वतः सरकणारे नकोत. सरकणाऱ्या सतरंजीवर कुत्रा आणखी जोरात पडतो. खाली न घसरणारा पॅड घाला. पीव्हीसी किंवा स्वस्त रबराचं अस्तर पॉलिशवर डाग सोडू शकतं, त्यामुळे नमदा आणि नैसर्गिक रबराचा पॅड बरा. अधूनमधून सतरंजी उचलून खाली ओल धरली नाही ना, ते पाहा. पाण्याच्या भांड्याखाली कड उचललेला ट्रे ठेवा. लॅब्राडोर पाणी पितो तेव्हा बरंच पाणी भांड्याबाहेर सांडतं.

शू झाली तर

इथे मिनिटं मोजायची. सुती फडकं दाबून ओल टिपा. चोळू नका, चोळल्याने ती सांध्यांत उतरते. मग ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा आणि लाकडाला चालणारा एन्झाइम क्लीनर वापरा, म्हणजे वास मुळापासून जातो. वास राहिला तर कुत्रा त्याच जागी परत येतो. अमोनिया असलेला क्लीनर टाळा, कारण लघवी कुजल्यावरही अमोनियाच तयार होतो.

ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. अमोनियाशी त्याची क्रिया झाली की लाकूड काळपट पडतं. असा डाग कधी कधी घासूनही जात नाही, फळी बदलावी लागते. शिस्त लागलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला तर ओरडू नका, पशुवैद्यांकडे न्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो.

पुसताना

बादलीभर पाणी आणि फिनेल ही आपली सवय टाइल्सची आहे, ती लाकडाला मारक ठरते. पाणी सांध्यांत उतरून कडा फुगतात. लॅमिनेट एकदा फुगलं की परत बसत नाही. वाफेच्या मॉपचंही तसंच. फिनेलमधली, विशेषतः काळ्या फिनेलमधली, फिनॉलची द्रव्यं कुत्र्याला विषारी असतात आणि तो पंजे चाटतोच. घट्ट पिळलेला मायक्रोफायबर मॉप आणि लाकडासाठीचा सौम्य क्लीनर पुरेसा असतो. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या हाती मॉप देऊन कारणही सांगा. कारण कळलं की काम नीट होतं.

ओरखडा पडलाच तर

रेघेवर ओलं बोट फिरवा. रेघ नाहीशी झाली तर ती पॉलिशमध्येच आहे. रंग जुळणारी मेणाची कांडी तिला पुरते. रेघेत आपलं नख अडकत असेल तर ओरखडा लाकडात गेलाय, तिथे जाणकार सुतार बोलवा. पॉलिश कितपत उरलंय हे पाहायला पाण्याचे चार थेंब टाका. ते मोत्यासारखे राहिले तर ठीक. काही मिनिटांत मुरून काळसर ठिपका झाला तर नवा हात देण्याची वेळ झाली. लाकूड उघडं पडण्याआधी हे केलं की पूर्ण जमीन घासण्याचा खर्च वाचतो. नव्या पॉलिशवर काही दिवस कुत्र्याला जाऊ देऊ नका. तेलाच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशला पूर्ण घट्ट व्हायला महिनाही लागतो. लॅमिनेट बसवून घेताना एक खोका जास्तीच्या फळ्या घेऊन ठेवा, पुढे तोच रंग मिळेलच असं नाही.

म्हातारपणाची तयारी

लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष बराच आढळतो. वय झालं की गुळगुळीत जमिनीवरून उठताना त्यांचे मागचे पाय दोन्हीकडे फाकतात. दोन-तीनदा असं झालं की कुत्रा उठायलाच घाबरतो आणि पाण्याच्या भांड्यापर्यंतही जात नाही. म्हणून बिछान्यापासून भांड्यापर्यंत आणि भांड्यापासून दारापर्यंत सलग पट्टा अंथरा. मग बेल वाजली की तो पुढचे पंजे पट्ट्यावर टेकतो, अंगाला एक झटका देतो आणि न घसरता उठून दाराशी येतो. वाटेतल्या लाकडावर एकही नवी रेघ उमटत नाही.