शाळेच्या प्रयोगशाळेतला नियम

ओहमचा नियम शाळा सुटल्यावरही लक्षात राहतो. नायक्रोमची तार, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर, प्रयोगवहीतला निरीक्षण तक्ता आणि आलेखावरची सरळ रेषा, एवढी सामग्री पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याच्या नावाने रोधाचे एकक १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेत स्वीकारले गेले, तो गेऑर्ग सिमॉन ओहम हा शोध लावताना शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. सांगितलेच, तर शाळेत अडकलेल्या प्रज्ञावंताची करुण कहाणी म्हणून. १८१७ ते १८२७ या दहा वर्षांकडे नीट पाहिले, तर ती शाळाच या शोधाचा पाया होती असे दिसते.

१७८९ साली एर्लांगेनमध्ये जन्मलेल्या ओहमचे वडील कुलपे घडवणारे कारागीर. स्वतःच्या बळावर शिकलेल्या या माणसाने मुलांना गणित शिकवले. स्वित्झर्लंडमध्ये आणि बाम्बर्गमध्ये शिकवून झाल्यावर ओहमने १८१७ साली भूमितीवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी त्याला कोलोनच्या शाळेत नेमणूक मिळाली. तिथे भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती. १८२० साली ओर्स्टेडने विद्युतधारेमुळे चुंबकसूची वळते हे दाखवले आणि धारा मोजण्याचा मार्ग खुला झाला. ओहम मोजू लागला, पण १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे निघाले. त्या काळच्या विद्युतघटांचा जोर सतत बदलत असे, त्यामुळे वाचने स्थिर राहत नसत. संपादक पोगेनडॉर्फने औष्णिक युग्म वापरण्याचे सुचवले आणि ओहमने बिस्मथची कांडी तांब्याला जोडली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने अढळ, म्हणून विद्युतस्रोतही अढळ. मग एकाच जाडीच्या, दोन इंचांपासून एकशे तीस इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून जोडल्या आणि सूची किती वळते ते नोंदवले. तार जितकी लांब तितकी धारा कमी, आणि ही घट एका साध्या अपूर्णांकात नेमकी बसली. १८२६ साली त्याने स्वतःचीच चूक जाहीरपणे दुरुस्त केली. हा सगळा उद्योग नोकरी सांभाळून, शाळेच्या उपकरणांवर आणि वडिलांकडून आलेल्या हातच्या कसबावर झाला.

यावर आक्षेप येईल की, ओहमला स्वतःलाच शाळेबाहेर पडायचे होते. ते खरे आहे. अर्ध्या पगारी रजेवर तो बर्लिनला गेला, तिथे १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि पुढे त्याने कोलोनची नोकरी सोडली. पण त्या रजेतून सिद्ध होते ते एवढेच की विचार मांडायला शिक्षकाला सवड लागते. ज्या मोजमापांवर तो ग्रंथ उभा राहिला, ती शाळेतच झाली होती. संशोधनाच्या नादात मुलांकडे दुर्लक्ष होते, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून एक नाव पुरेसे आहे: पुढे थोर गणिती ठरलेला डिरिक्ले कोलोनला ओहमच्याच हाताखाली शिकला. एका नावावरून सर्वसाधारण नियम निघत नाही हे मान्य, पण स्वतः शोध घेणारा शिक्षक वर्गाला निरुपयोगी ठरतो हा समज मोडायला ते बस्स आहे. आजचे विज्ञान अवाढव्य यंत्रांचे आहे, मग शाळेत काय होणार, असेही विचारले जाईल. शाळेतून नवा नियम निघावा ही अपेक्षा नाहीच. स्रोत स्थिर नसेल तर वाचन फसते, हे ज्या शिक्षकाने स्वतः अनुभवले आहे, तो मुलांना जे देऊ शकतो ते नुसत्या सूत्रातून मिळत नाही.

सन्मान उशिरा आले: रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक १८४१ साली, म्युनिकमधले प्राध्यापकपद १८५२ साली, आणि दोनच वर्षांत मृत्यू. पण त्याचा खरा वारसा आपल्याच हातून निसटतो आहे. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे तक्त्यातले आकडे सूत्रावरून उलटे भरले जातात, रेषा सरळ येते आणि प्रयोग पूर्ण झाला असे धरले जाते. ओहमच्या १८२५ सालच्या आकड्यांनी त्याला चुकीच्या सूत्राकडे नेले, म्हणून तो पुन्हा मोजायला बसला. ज्या शाळेत रेषा वाकडी आली तरी गुण कापले जात नाहीत आणि ती का वाकली हे शोधायला शिक्षकाला तासभर मिळतो, तिथे ओहम अजून शिकवतो आहे.